राखणीचा कुत्रा स्पर्धेच्या मैदानात

मंडळी, आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुत्रा नाही अशी वस्ती दाखवा म्हटलं, तर शोधत हिंडावं लागेल. भूम-परंड्याच्या माळावर मेंढरांच्या वाड्याची राखण त्याच्याकडे. उमरगा-लोहाऱ्याकडच्या तुरीच्या रानात रात्री जागा असतो तो तोच. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाला जाणाऱ्यांना तर सांगायलाच नको. देवाच्या तसबिरीत घोड्याबरोबर कुत्राही असतोच. एवढा मान असून आपण त्याच्याकडून काम घेतो ते एकच, भुंकण्याचं. आणि तेही त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

या कुत्र्याला चार गोष्टी शिकवून स्पर्धेत कसं उतरवावं, हे आज सांगायचं आहे. कुणी म्हणेल, कुत्र्याची कसली आली स्पर्धा, पळायचीच ना? पळण्याची आहेच. सांगली-कोल्हापूरकडे कुत्र्यांच्या शर्यती लागतात, हे पुष्कळांना ठाऊक असेल. पण शर्यतीत कुत्रा एकदा सोडला की धन्याचं काम संपलं. त्याची धाव त्याच्या रक्तातली. जोवर पळतो तोवर दूध-अंडी, आणि पाय मंदावले की त्याच्याकडे कोण बघतो? त्यातून काही हौशी लोक सशामागं कुत्री सोडतात. तो खेळ नव्हे, ती शिकार आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. कुत्र्यांच्या झुंजी लावणं हाही १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच. तेव्हा त्या वाटेला जायचं नाही.

दुसरी वाट आहे ती कुत्रा आणि माणूस यांनी मिळून करायच्या स्पर्धेची. तिचं मूळ मेंढपाळांतच आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या धनगर बांधवांना आवडेल. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या बाला गावी १८७३ साली मेंढपाळांनी आपापली कुत्री आणली आणि कुणाचा कुत्रा धन्याच्या इशाऱ्यावर मेंढरं नीट वळवून आणतो, याची चढाओढ लावली. आपल्या माळावरचा कुत्रा लांडग्यापासून मेंढरं राखतो, तिकडचा ती हाकतो, एवढा कामात फरक. पण धनी लांब उभा राहून शीळ घालतो आणि कुत्रा उजवीकडे वळतो की डावीकडे, हे लोक श्वास रोखून पाहू लागले. पुढं शंभर वर्षांनी, १९७८ साली, लंडनच्या क्रफ्ट्स या मोठ्या श्वानप्रदर्शनात मधल्या वेळेत करमणूक म्हणून एक नवा प्रकार दाखवला गेला. घोड्यांच्या उड्यांची स्पर्धा असते ना, तशीच ती कुत्र्यांची. लोकांना ती इतकी भावली की आज देशोदेशी ती भरते. तिला अ‍ॅजिलिटी म्हणतात. आपण चपळाईची स्पर्धा म्हणू.

तीत अडथळे ठरलेल्या क्रमानं पार करायचे असतात. आडव्या काठ्यांवरून उडी, नळीसारख्या बोगद्यातून आरपार, अरुंद फळीवरून चालणं, आणि ओळीत रोवलेल्या बारा काठ्यांमधून नागमोडी वळणं घेत जाणं. कुत्र्याच्या गळ्यात दोरी नाही, धन्याच्या हातात खाऊ नाही. हात लावायचा नाही. फक्त बोलायचं आणि हातवारे करायचे. काठी पडली, क्रम चुकला की गुण गेले. दुसरा प्रकार आज्ञापालनाचा. धन्याच्या डाव्या पायाशी लगटून चालणं, सांगितल्याबरोबर बसणं, धनी दूर गेला तरी जागा न सोडणं, आणि हाक मारताच सरळ येणं. दिसायला हा दुसरा प्रकार साधा. पण खरं अवघड तेच, आणि सुरुवातही तिथूनच करायची.

आता तुम्ही विचाराल, आपल्या गावठी कुत्र्याला हे जमेल का? जमतं. कान उभे की पडके, यावर शिकणं अवलंबून नसतं. मराठवाड्यात कारवानी नावाची जात आहे. लांब तोंड, आत गेलेलं पोट, उंच पाय; लातूरकडे तिच्याच जवळची केसाळ पश्मी. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी गेल्या शतकाच्या आरंभी या जातीची जोपासना केली, म्हणून तिला मुधोळ हाऊंड असंही नाव पडलं. २००५ साली टपाल खात्यानं या कुत्र्याचं तिकीट काढलं. ही कुत्री नजरेनं शिकार करणारी. लांब काही हललं की निघाली. म्हणून त्यांना हाकेसरशी परत यायला शिकवणं हे इतर कुत्र्यांपेक्षा जास्त चिकाटीचं काम आहे. साधा गावठी कुत्रा त्या मानानं लवकर वळतो. दारोदार हिंडून माणसाच्या मुद्रा वाचायची सवय त्याला असतेच. महागड्या परदेशी पिल्लासाठी कर्ज काढायची काही गरज नाही.

पहिली पायरी मात्र मैदानात नाही, जनावरांच्या दवाखान्यात आहे. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांच्या लसी सुरू होतात, आणि तीन महिन्यांच्या सुमारास पिसाळण्याच्या रोगाची, म्हणजे रेबीजची लस. तारखा डॉक्टरांना विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवा. जंताचं औषधही तेव्हाच विचारा. लस न टोचलेला कुत्रा चार कुत्र्यांत आणि पोरांत नेणं हा गुन्हा समजा. शिक्षक मंडळींनी वर्गात एवढं तरी सांगावं: कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्यानं, साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही.

आता शिकवणं. आपल्याकडे कुत्र्याच्या कानावर सगळ्यांत जास्त पडणारा शब्द कोणता? "हाड!" दुसरा "यू यू", तोही सगळ्या गावाच्या तोंडी. तेव्हा आपल्या कुत्र्याला एक नाव द्या, मोत्या म्हणा, वाघ्या म्हणा, आणि बोलावण्याचा एक शब्द ठरवा जो फक्त तुमच्या घरचा असेल. घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. आजोबांनी "ये", आईनं "चल" आणि पोरांनी "इकडं" म्हटलं, तर कुत्र्यानं शिकावं तरी काय?

सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. याहून जास्त नको. जेवणाआधी शिकवा, भरल्या पोटी नको. हातात उकडलेल्या अंड्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे घ्या. भाकरीचा कोर तर त्याला रोजच मिळतो, त्याला त्याचं अप्रूप नाही. तुकडा नाकाजवळून डोक्यावर मागं न्या. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं त्या क्षणी "शाब्बास" म्हणा आणि तुकडा द्या. त्या क्षणी, बरं का. दोन पळं उशीर झाला तर तोवर तो उठलेला असतो, आणि मग तुम्ही त्याला बसण्याचं नव्हे तर उठण्याचं बक्षीस दिलं! शिकवणाऱ्यांची निम्मी फसगत इथंच होते. आठवडाभरानं हातातला तुकडा लपवा, नुसता शब्द ठेवा, आणि बक्षीस कधी द्यायचं, कधी नाही, असं करत जा.

बोलावणं शिकवायला पंधरा-वीस हात लांब सुती दोरी पट्ट्याला बांधा. दोरी ओढायची नाही. ती पळून जाऊ नये एवढ्यापुरती. त्याला हुंगू द्या, मग हाक मारा आणि स्वतः दोन पावलं मागं पळा. पळणाऱ्याकडे कुत्रा धावतोच. आला की अंडं, कौतुक, आणि पुन्हा मोकळा. हाक म्हणजे खेळ संपला, असं त्याला वाटता कामा नये. उशिरा आला म्हणून कधी मारू नका. मार त्याच्या लेखी उशिरा येण्याचा नसतो, येण्याचा असतो. पुढच्या वेळी तो येणारच नाही. आधी घरात, मग अंगणात, मग रस्त्यावर, शेवटी आठवडी बाजाराच्या कडेला. जिथं चुकतो तिथून एक पायरी मागं यायचं. याला महिने लागतात. पण सोलापूर-धुळे महामार्ग आपल्या तुळजापूर, धाराशिव, येरमाळ्यावरून जातो, आणि हाक मारल्यावर न येणारा कुत्रा त्या रस्त्याच्या कडेला किती दिवस जगेल, हे तुम्हीच सांगा. शेजाऱ्याच्या शेळीच्या करडामागं लागलेला कुत्रा एका हाकेत वळला तर भांडण नाही, आणि विषाचा घासही नाही. गावात अशी विषानं मेलेली कुत्री तुम्ही पाहिली असतील.

अडथळ्यांचं सामान विकत आणायची गरज नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन विटा आणि वर आडवी तुराटी. तुराटी हलकी, पाय लागला की पडते. आणि पडायलाच हवी, नाहीतर पाय मोडेल. काठी घट्ट बांधायची नाही. नागमोडी वळणांसाठी कमरेएवढ्या बांबूच्या काठ्या साठ सेंटिमीटर अंतरानं एका ओळीत रोवा. सुरुवातीला सहा पुरेत. बोगद्याला धान्याची पोती तोंडाला तोंड शिवून आत बांबूच्या चार-पाच कमानी द्या. लोखंडी किंवा सिमेंटचा पाइप उन्हानं तापतो, तो नको. आणि पिल्लाला उडी मारायला लावू नका. वर्ष-दीड वर्षापर्यंत हाडं पक्की होत नाहीत. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही अठरा महिन्यांखालचा कुत्रा घेत नाहीत. तोवर तुराटी जमिनीवर ठेवून वरून चालवा, झालं.

दोन धोके आपल्या भागाचे म्हणून वेगळे सांगतो. एक उन्हाळा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. म्हणून फेब्रुवारीनंतर जो काय सराव तो दिवस उजाडताना. तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवता आली नाही, तर त्याचे पंजेही पोळतात. धाप थांबत नाही, जीभ लालभडक, पाय लटपटतात असं दिसलं की सावलीत न्या, पोटावर आणि पायांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टर गाठा. शर्यतीच्या नादात असे कुत्रे तासाभरात मरतात. दुसरा धोका द्राक्षांचा. आपल्याकडे बागा आहेत, बेदाणाही घरात असतो, आणि पोरं प्रेमानं दोन मणी कुत्र्यालाही देतात. द्राक्ष आणि बेदाणा यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकतात. कांदा-लसूणही वाईट.

चावायला, अंगावर सोडायला मात्र घरी शिकवू नका. पोलिसांची कुत्री ते शिकतात, पण शिकवणारा माणूस त्या कामातला असतो. त्यातही त्यांचं खरं काम नाकाचं. शेजारच्या बीड पोलीस दलातल्या रॉकीनं तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात मदत केली होती. २०२० साली तो गेला तेव्हा त्याला मानवंदना देऊन निरोप दिला गेला.

मग स्पर्धा कुठं? शहरांतून श्वानप्रदर्शनं भरतात, त्यांतल्या पुष्कळशा चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाशी जोडलेल्या संस्थांच्या असतात. या क्लबात कारवानी कुत्र्याची वेगळी जात म्हणून नोंद होते. नोंदणीसाठी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. प्रदर्शनात जातीच्या वर्गात परीक्षक दात, बांधा, चाल पाहतात. तिथं गावठी कुत्र्याला जागा नाही. म्हणून पैसे भरण्याआधी विचारून घ्या: आज्ञापालनाचा वर्ग आहे का, आणि नोंदणी नसलेला कुत्रा चालतो का?

पण त्यासाठी थांबायचं कशाला? गुरुजी, थंडीतल्या एखाद्या रविवारी शाळेचं पटांगण मोकळं असतं. सकाळी आठला पाच-सहा कुत्री, लस टोचल्याचा दाखला पाहून. प्रत्येकाला दोन झाडांमध्ये पंधरा-वीस हातांचं अंतर ठेवून बांधा. माजावर आलेली कुत्री घरी. बादलीभर पाणी, पण प्रत्येकाचं भांडं वेगळं. पोरांना अंतर मोजायला आणि घड्याळ धरायला लावा. बसणं, एक मिनिट थांबणं, वीस पावलांवरून हाकेला येणं, एवढंच पहिल्या वेळी. ओरडणाऱ्या धन्याचे दोन गुण आधीच काढून टाका, आणि मारणाऱ्याला बाहेर बसवा. तुराट्यांच्या उड्या दुसऱ्या खेपेला ठेवता येतील, संक्रांतीच्या पुढं, ऊन चढायच्या आत.