खरेदीखतांची साक्ष

कापसाचा आजचा भाव काय, असे बाजारात विचारले तर उत्तर तत्काळ मिळते. एकाच प्रतीच्या कापसाचे ढीग एकमेकांसारखे असतात आणि हंगामात त्यांची विक्री नित्य चालू असते. घराची गोष्ट निराळी. दोन घरे तंतोतंत सारखी नसतात. शिवाय एकदा घेतलेले घर पुष्कळदा वीस-वीस वर्षे विक्रीस येत नाही. मग त्याची आजची किंमत ठरवावी कशी?

हा प्रश्न केवळ घर विकणाऱ्यालाच पडतो असे नाही. समजा, यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात एका कुटुंबाचे स्वतंत्र घर आहे. आईवडील निवर्तले असून दोन भाऊ व एक बहीण यांचा त्या घरावर सारखा हक्क आहे. थोरला भाऊ घर स्वतःकडे ठेवून इतर दोघांना त्यांच्या वाट्याचे पैसे देण्यास राजी आहे. पण किती? वीस वर्षांपूर्वी जागेसह घरास चार लाख रुपये लागले, हे त्याला आठवते. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग या तालुक्यातून जातो. त्या रस्त्यालगतचे एक घर पंचवीस लाखांस गेले, असे बहिणीच्या कानी आले आहे. दोघेही खरेच बोलतात. तरी त्यांपैकी कोणत्याही आकड्यावरून या घराची किंमत निघत नाही. अशा वेळी तंटा मिटवू शकेल असा एक निःपक्षपाती साक्षीदार असतो. तो म्हणजे जुनी खरेदीखते.

१९०८ सालच्या नोंदणी अधिनियमानुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या घराची अथवा जमिनीची विक्री सरकारदरबारी नोंदवावी लागते. हे काम दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते. लोक त्यास ‘रजिस्ट्री’ म्हणतात. खरेदीखतात मिळकतीचे क्षेत्रफळ, तिच्या चतुःसीमा, व्यवहाराची तारीख आणि किंमत लिहिलेली असते. ठरलेले शुल्क भरून या नोंदींची सूची कोणासही पाहता येते.

मात्र सगळ्याच नोंदी उपयोगी पडत नाहीत. काकाने पुतण्यास मायेपोटी स्वस्तात दिलेले घर हिशेबात घेऊन चालत नाही. महामार्गालगतचे घरही वगळावे लागते. कारण तेथे दुकान थाटता येते आणि त्या सोयीचेच अधिक पैसे मिळतात. जवळचे, अलीकडचे आणि सारख्या बांधणीचे अशी घरे तेवढी निवडावयाची.

समजा, वरील घराची जागा १,५०० चौरस फूट आहे आणि अशी तीन घरे सापडली. पहिले याच वर्षी १९ लाख २० हजारांस विकले गेले. पण त्याची जागा २०० चौरस फुटांनी मोठी आहे. त्याच भागातील मोकळा प्लॉट चौरस फुटास ८०० रुपये दराने गेला असेल, तर अधिक जागेचे १ लाख ६० हजार वजा करावे. उरले १७ लाख ६० हजार.

दुसरे घर सर्व बाबतींत सारखे आहे, परंतु ते आठ वर्षांपूर्वी १२ लाखांस विकले गेले. या काळात भाव किती चढला? त्याच आळीतील एक घर दोनदा विकले गेले होते : आठ वर्षांपूर्वी १० लाखांस आणि यंदा १५ लाखांस. मधल्या काळात त्यात काहीही बदल झाला नव्हता. म्हणजे भाव दीडपट झाला आणि दुसऱ्या घराची आजची किंमत १८ लाख ठरली.

तिसरे घर यंदा २१ लाखांस गेले, पण त्याचे बांधकाम नवे आहे. जागेचा भाव काळाबरोबर चढतो, तर भिंती व छप्पर झिजत जातात. जाणत्या अभियंत्याने ही झीज २ लाख ६० हजारांची ठरविली, तर उरतात १८ लाख ४० हजार. तिन्ही आकड्यांची सरासरी १८ लाख येते. प्रत्येकाचा वाटा सहा लाख.

एकाच घराच्या दोन विक्रींवरून भावाची चढउतार मोजण्याची ही रीत परदेशांतही रूढ आहे. हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहरात हेरेनग्राख्त नावाचा कालवा आहे. त्याच्या काठावरील घरांच्या १६२८ ते १९७३ या काळातील विक्रीच्या नोंदी एका अभ्यासकाने अशाच जुळविल्या. महागाईचा परिणाम वगळता, एवढ्या दीर्घ काळात तेथील किमती सुमारे दुप्पटच झाल्या होत्या, असे त्याला आढळले. आपल्या देशात रिझर्व्ह बँक मोठ्या शहरांतील नोंदींवरून घरांच्या किमतींचा निर्देशांक काढते. लहान गावांसाठी असा तयार निर्देशांक नसतो. तेथे हा हिशेब ज्याचा त्यानेच करावा लागतो. सरकार दरपत्रक प्रसिद्ध करते खरे, पण ते मुख्यतः मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असते. त्यात विभागाचा दर कळतो. एकेका घराचे गुणदोष कळत नाहीत.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. साक्षीदार खोटे बोलू लागला, तर न्याय कसा व्हावा? शुल्क वाचविण्यासाठी काही लोक खरेदीखतात कमी किंमत लिहितात. वरील पहिले घर १९ लाख २० हजारांस विकूनही कागदावर १४ लाखच लिहिले असते, तर तिन्हींची सरासरी सुमारे १६ लाख २७ हजारांवर आली असती. त्या बहिणीला सुमारे ५८ हजार रुपये कमी मिळाले असते. आणि आपले नुकसान कोणी केले, हे तिला कधीच कळले नसते. ज्याने तो आकडा लिहिला, त्याने तिला पाहिलेही नसेल.

नोंदवहीतील खरा आकडा ही गावाच्या विहिरीसारखी सर्वांची ठेव आहे. आज आपण तीत जे टाकू, तेच उद्या दुसऱ्याच्या घागरीत येते.