खाणीच्या गाळतळ्याची तपासणी

महाराष्ट्रातील कोळसा विदर्भातील गोंडवन खडकांत सापडतो आणि चंद्रपूरच्या खुल्या खाणींत तो काढण्यासाठी वरची माती व दगड उपसून त्यांचे प्रचंड ढिगारे रचले जातात. पावसात या ढिगाऱ्यांवरून वाहणारे गढूळ पाणी थेट इरई वा वर्धा नदीत जाऊ नये म्हणून ढिगाऱ्याभोवती चर खणून ते गाळतळ्यात, म्हणजे पाणी संथ करून गाळ तळाशी बसवणाऱ्या तलावात, आणले जाते.

२००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी देताना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची तज्ज्ञ समिती या व्यवस्थेचा आराखडा तपासते, आणि मंजुरीच्या नेहमीच्या अटींत ५० वर्षांच्या नोंदींवरून काढलेल्या कमाल पावसाहून ५० टक्के अधिक क्षमता व गाळ बसण्यास पुरेसा अवधी मागितलेला असतो. हा अवधीच खरा कळीचा मुद्दा आहे, कारण स्थिर पाण्यात बारीक वाळूचा कण १ मीटर खाली जायला काही मिनिटेच घेतो, तर चिकणमातीच्या कणाला दिवसच्या दिवस लागतात. त्यामुळे तळ्याच्या खोलीइतकेच, किंबहुना अधिक, त्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ पाहावे लागते. सांडपाण्यातील तरंगत्या घन कणांची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. मात्र कागदावर निर्दोष असलेले तळेही पावसाळ्यापूर्वी उपसले नाही, तर पहिल्याच मुसळधार सरीत निकामी ठरते.