गृहसजावटीतील जपानी ठसाचित्रे : वापर आणि जतन

लाकडी ठशांवरून हाताने छापलेल्या जपानी चित्रांना आज जगातील मोठमोठ्या वस्तुसंग्रहालयांत मानाचे स्थान आहे. तथापि ही चित्रे मुळात सामान्य नागरिकाने सहज विकत घ्यावीत व घरात वापरावीत, याच हेतूने तयार होत असत. १८४२ साली शोगुन-सरकारने घातलेल्या निर्बंधांत एका चित्राची कमाल किंमत १६ मोन ठरविण्यात आली. सोबा शेवयांच्या एका वाडग्याचा दरही त्या काळी साधारण तेवढाच असे. घरात वापरण्याजोगी ही वस्तू दुर्मीळ ठेवा बनल्यावर घरात कशी मांडावी, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

त्याचे उत्तर चित्रांच्या निर्मितीप्रक्रियेत सापडते. प्रकाशक, चित्रकार, ठसे कोरणारा आणि छपाई करणारा अशा चौघांच्या सहकार्यातून एक चित्र सिद्ध होई. चित्रकाराने पातळ कागदावर काढलेले रेखाचित्र चेरीच्या फळीवर पालथे चिकटवीत व रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढीत. पुढे रंगांसाठी निरनिराळे ठसे कोरीत. सर्व रंग आपापल्या जागी अचूक बसावेत म्हणून प्रत्येक ठशाच्या कडेला ‘केन्तो’ नावाच्या खुणा ठेवीत. पाण्यात कालविलेला रंग व तांदळाची खळ ठशावर ब्रशाने पसरून त्यावर किंचित ओलसर कागद ठेवीत आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या ‘बारेन’ नामक चकतीने तो मागून घासीत. या पद्धतीने बहुरंगी छपाई १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबू याच्या चित्रांतून पूर्णत्वास पोचली. या छपाईत यंत्राचा दाब नसतो व तेलही नसते. त्यामुळे रंग कागदावर थर होऊन न बसता कोझो झाडाच्या सालीपासून केलेल्या त्या कागदाच्या तंतूंत मुरतो. चित्राला लाभणारे मार्दव यातूनच येते. आणि रंगावर कोणतेही संरक्षक आवरण नसल्यामुळे त्याचा नाजूकपणाही यातूनच येतो.

एदो नगरातील (आजच्या टोकियोतील) घरांत या चित्रांना चौकटी नसत. सुमारे ७० सेंटिमीटर उंच व जेमतेम १२-१३ सेंटिमीटर रुंद अशी ‘हाशिरा-ए’ म्हणजे स्तंभचित्रे घराच्या लाकडी खांबांवर शोभत. काही चित्रे बांबूच्या पंख्यांवर डकविण्यासाठीच छापलेली असत. काही घडीच्या पडद्यांवर चिकटविली जात. देवीच्या रोगाने आजारी असलेल्या मुलाजवळ लाल रंगात छापलेली रक्षकचित्रे लावण्याची प्रथा होती. अशी चित्रे धुराने काळवंडत, फाटत, आणि त्यांच्या जागी नवी येत. घरातील ‘तोकोनोमा’ या सन्मानाच्या कोनाड्यात मात्र बहुधा हाताने रंगविलेले गुंडाळपट टांगीत. ऋतू किंवा प्रसंग बदलला की तेथील पट उतरवून दुसरा लावीत. एका वेळी थोडेच मांडावे व तेही काही काळच, हे या सजावटीचे तत्त्व होय.

जपानचे दरवाजे पाश्चात्य व्यापारास खुले झाल्यानंतर ही चित्रे युरोपात मोठ्या संख्येने पोचली. १८८५ साली व्हॅन गॉगने अँटवर्प येथील आपल्या खोलीच्या भिंतींवर ती लावली. क्लोद मोने याने झिव्हेर्नी येथील आपले घर त्यांनी सजविले. मात्र येथे प्रथा पालटली. चित्र काचेच्या चौकटीत बसवून वर्षानुवर्षे एकाच जागी टांगण्याची ही रीत त्याच्या प्रकृतीस मानवणारी नव्हती. जुन्या चित्रांतील ‘त्सुयुकुसा’ या फुलापासून काढलेला निळा रंग आणि करडईच्या फुलांपासून केलेला तांबडा रंग प्रकाशाने विटतात. या दोहोंच्या मिश्रणाने साधलेला जांभळा रंग तर तपकिरी होऊन जातो. अठराव्या शतकातील अनेक चित्रांच्या ज्या फिकट, संयत छटांची रसिक प्रशंसा करतात, त्या मूळच्या नसून प्रकाशाने केलेल्या हानीच्या खुणा असतात. १८३० च्या सुमारास रूढ झालेला प्रशियन निळा रंग त्या मानाने टिकाऊ ठरला. होकुसाईच्या फुजी-चित्रमालेतील निळाई त्याचीच आहे.

या हानीचे प्रमाण किती, हे बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील स्पॉल्डिंग संग्रहावरून कळते. सुमारे ६,५०० चित्रांचा हा संग्रह १९२१ साली देताना दात्यांनी तो कधीही प्रदर्शनात मांडू नये अशी अट घातली. त्यामुळे त्यांतील रंग आजही विलक्षण ताजे आहेत. अर्थात ही चित्रे वाचली ती भिंतीवर न आल्यामुळेच.

मग ही कला घरात असूच नये काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. जुनी मूळ प्रत असेल तर ती एरवी अंधाऱ्या, कोरड्या जागी आम्लरहित कागदात ठेवावी आणि तोकोनोमाच्या रीतीने थोड्या काळापुरतीच बाहेर काढावी. संग्रहालये अशा चित्रांवरील प्रकाश सुमारे ५० लक्सपर्यंत मर्यादित ठेवतात. घरातही उन्हाची, ओलीची व चुलीजवळची भिंत टाळावी. चित्र पुठ्ठ्याला संपूर्ण चिकटवू नये. जपानी कागदाच्या लहान पट्ट्या व गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरून ते वरच्या कडेने अडकवावे. चिकटपट्टी कदापि वापरू नये. काच कागदाला टेकू नये, म्हणून मध्ये माउंटचा पुठ्ठा असावा.

नित्याच्या सजावटीसाठी दुसरा मार्ग अधिक सयुक्तिक आहे. टोकियोतील आदाची संस्थेसारख्या कार्यशाळांत जुन्या चित्रांचे ठसे नव्याने कोरून, त्याच पद्धतीने हातांनी प्रती छापल्या जातात. अशी प्रत यंत्राने छापलेल्या नकलेहून सर्वस्वी भिन्न असते. ती उलटून पाहिल्यास मागे झिरपलेला रंग व बारेनच्या घर्षणाच्या खुणा दिसतात. तिलाही प्रखर उन्हापासून जपावे लागतेच. परंतु ती विटली तर नवी छापता येते. जुनी चित्रे पेटीत सुरक्षित राहतील. ठसा कोरणाऱ्याचे व छपाई करणाऱ्याचे कौशल्य मात्र पेटीत ठेवता येत नाही. ते हातांच्या रोजच्या कामातूनच टिकते, आणि ते काम घराघरांतील मागणीवर अवलंबून असते.