रोमनेस्क चर्चवास्तूची रचना

रोमनेस्क ही पश्चिम युरोपात मुख्यतः ११व्या व १२व्या शतकांत बहरलेली वास्तुशैली होय. जाड भिंती, लहान खिडक्या आणि अर्धगोल कमानी ही तिची ओळख. या तिन्हींचा संबंध प्रामुख्याने दगडी छताच्या भाराशी आहे.

छत आणि भिंती

लाकडी छपरांना आगीचे भय असे. त्यामुळे चर्चच्या लांबट मुख्य दालनावर दगडी छत घालण्याकडे कल वाढला. अर्धगोल कमान सलग पुढे वाढवत नेली की नळीसारखे छत तयार होते. त्याचा भार केवळ खाली येत नाही, तर भिंतींना बाहेरच्या बाजूसही रेटतो. हा रेटा भिंतीच्या संपूर्ण लांबीवर पडत असल्याने भिंत जाड ठेवावी लागे व तिच्यात मोठी खिडकी पाडणे धोक्याचे ठरे. या चर्चांमधील अंधूक प्रकाशाचे हे एक मोठे कारण होय.

अशी दोन छते काटकोनात एकमेकांना छेदली असता भार चार कोपऱ्यांवर एकवटतो आणि मधल्या भिंतीत खिडकीस जागा मिळते. जर्मनीतील श्पायर कॅथेड्रलच्या (आरंभ १०३०) मुख्य दालनावर आधी सपाट लाकडी छत होते. दगडी छेदछत ११व्या शतकाच्या अखेरीस आले. इंग्लंडमधील डरॅम येथे (आरंभ १०९३) छेदरेषांवर दगडी फासळ्या बसविण्यात आल्या. गॉथिक शैलीची ही नांदी मानली जाते.

कोकणातील समकालीन पद्धती

शिलाहारांच्या राजवटीतील अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, म्हणजे याच काळातील आहे. तेथे कमान नाही; दगडांचे आडवे थर क्रमाने पुढे काढून छत मिटवलेले आहे. त्यामुळे भिंतींवर कमानीसारखा बाहेरचा रेटा येत नाही, परंतु फार रुंद दालन झाकणे अवघड होते.

रायगड जिल्हा

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. तेथील किल्ल्यात पोर्तुगीजकालीन चर्चांचे अवशेष आहेत. ती १६व्या शतकात व त्यानंतर उभारलेली असल्याने त्यांना रोमनेस्क म्हणता येत नाही. पोर्तुगालमध्ये मात्र कोइंब्राचे जुने कॅथेड्रल (१२वे शतक) या शैलीचे ठळक उदाहरण असून, जाड दगडी भिंत व अर्धगोल कमान यांची परंपरा तेथे पुढेही टिकली. रेवदंड्यातील सेंट बार्बरा या फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा ‘सातखणी’ नावाने ओळखला जातो. नावातले सातही मजले आता उरलेले नाहीत.