इंजिन, मोटर आणि कावड

मोटारगाडीला चालायला किती शक्ती लागते? प्रश्न सोपा वाटतो, पण त्याला एकच उत्तर नाही. गाडीचे वस्तुमान १,३०० किलोग्रॅम आहे असे समजू. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर वेगाने जाताना चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध मिळून साधारण २४० न्यूटन होतात. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. तेव्हा अवघे ४ किलोवॉट पुरतात!

आता हीच गाडी थांबलेल्या स्थितीतून ८ सेकंदांत त्या वेगाला न्यायची आहे. गतिज ऊर्जेच्या सूत्रात आकडे घालून पाहा. १८० किलोज्यूल येतात. म्हणजे सरासरी २२ किलोवॉटांहून अधिक शक्ती हवी, आणि त्वरण एकसारखे ठेवले तर शेवटच्या क्षणी सुमारे ४५. थोडक्यात, इंजिन बसवायचे ४५ किलोवॉटांचे आणि बहुतेक वेळ त्याच्याकडून काम घ्यायचे ४ किलोवॉटांचे.

पेट्रोल वाया जाते ते इथे. भार कमी झाला म्हणून इंजिनातील घर्षण त्या प्रमाणात कमी होत नाही. चांगल्या भाराखाली इंधनातील ३५ टक्के ऊर्जा कामाला लावणारे इंजिन रहदारीत रांगताना १२ टक्क्यांवर आले तर नवल नाही.

यावर उपाय म्हणून इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी देतात. अशी संकरित गाडी, टोयोटा कंपनीची प्रियस, जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीस आली. तिची बॅटरी घरच्या विजेवर भरत नसत. सारी ऊर्जा शेवटी पेट्रोलचीच! मग बचत कुठून होते? काही भाग ब्रेक लावताना मिळतो. एरवी उष्णता होऊन जाणारी गतिज ऊर्जा मोटर उलट जनित्रासारखी चालवून बॅटरीत साठवता येते. उरलेली बचत मात्र इंजिनाला केव्हा राबवायचे आणि केव्हा बंद ठेवायचे, या निर्णयात आहे.

हा निर्णय वाटतो तितका सरळ नाही. इंजिनाची ऊर्जा जनित्रातून बॅटरीत, बॅटरीतून पुन्हा बाहेर आणि मोटरमधून चाकांकडे, असे चार टप्पे झाले. प्रत्येक टप्प्यावर १० टक्के गळती धरली तर शेवटी ६६ टक्केच उरते. ३५ टक्क्यांचे इंजिन या वाटेने २३ टक्के देते. रांगताना मिळणाऱ्या १२ टक्क्यांपेक्षा हे पुष्कळच बरे. पण महामार्गावर इंजिन थेट ३३ टक्के देत असेल, तर तिथे बॅटरीमार्गे जाणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार! म्हणून गाडीतील संगणक चालकाच्या पायाखालचे पेडल, गाडीचा वेग आणि बॅटरीतील शिल्लक पाहून क्षणोक्षणी हा हिशेब करतो. बॅटरी लवकर निकामी होऊ नये म्हणून ती पूर्ण रिकामीही होऊ द्यायची नाही आणि काठोकाठ भरायचीही नाही, हे पथ्य वेगळेच.

दोघांची शक्ती एकत्र कशी येते, हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो. प्रियसमध्ये दंतचक्रांची एक ग्रहमाला आहे. मधोमध ३० दात्यांचे सूर्यचक्र, बाहेर आतल्या बाजूला ७८ दाते असलेले वलय आणि दोहोंमध्ये फिरणारी ग्रहचक्रे. ग्रहांना धरणारी चौकट इंजिनाला जोडलेली, सूर्यचक्र जनित्राला आणि वलय मोटरला व चाकांना.

ही रचना म्हणजे एक कावडच समजा. खांदा म्हणजे इंजिन. तो बरोबर मध्यावर नसून वलयाच्या टोकाजवळ आहे, म्हणून इंजिनाच्या परिबलाचा (फिरवण्याच्या जोराचा) ७२ टक्के भाग वलयाकडे आणि २८ टक्के सूर्यचक्राकडे जातो. कावडीच्या एका टोकाचे ओझे काढून घेतले तर काय होते? ते टोक वर उडते आणि दुसरे खाली जाते. तसेच इथे जनित्राने रोध केला नाही, तर इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतच नाही. रोध करता करता जनित्र वीज निर्माण करते आणि ती मोटरकडे किंवा बॅटरीकडे जाते. जनित्राचा रोध कमीजास्त करून इंजिनाला त्याच्या सोयीच्या वेगावर ठेवायचे आणि चाकांना जे कमी पडेल ते मोटरने भरून काढायचे, असा हा मेळ आहे. यात नेहमीचा गिअरबॉक्स लागत नाही.

फेऱ्यांचा नियमही याच दात्यांतून निघतो:

सूर्यचक्राचे फेरे = ३.६ × इंजिनाचे फेरे − २.६ × वलयाचे फेरे

गाडी उभी आहे, बॅटरी उतरली आहे आणि इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत आहे. तेव्हा जनित्र ३,६०० फेरे घेते आणि चाके मात्र स्थिर! आता इंजिन बंद ठेवून वलयाला २,५०० फेरे द्या. उत्तर ऋण ६,५०० येते, म्हणजे जनित्र उलट दिशेने भन्नाट फिरते. इतक्या वेगाला मर्यादा हवीच. म्हणून सुरुवातीच्या प्रियस गाड्यांत ताशी ६५-७० किलोमीटरच्या पुढे, इंधन न देता का होईना, इंजिन फिरते ठेवावे लागे. इंजिनाला १,००० फेरे दिल्यावर जनित्राचा वेग कितीवर उतरतो, ते विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावे.