ऊन पाठीशी, वारा पाठीशी
पक्ष्यांचे फोटो काढताना : लेखांक ४

मागच्या आठवड्यात लेन्सबद्दल बोललो. ३०० मिलिमीटरपर्यंत जाणारी साधी झूम लेन्स पहिल्या वर्षाला पुरते, हे पुन्हा सांगतो. लाखांची खरेदी घाईने करू नका. आजचा प्रश्न मला लेन्सपेक्षा मोठा वाटतो. उभं कुठे राहायचं?

नवीन माणूस पक्षी दिसला की त्याच्याकडे चालत सुटतो. पक्षी उडतो आणि फोटोत येते ती शेपटी. त्याच्या मागे जाण्यापेक्षा तो आपल्यासमोर येऊन बसेल अशी जागा हेरावी. हे शिकवायला वेड्या राघूसारखा गुरू नाही. गावाबाहेरच्या माळावर, शेताच्या बांधावर, पाणवठ्याजवळच्या तारांवर तो हमखास भेटतो. चिमणीएवढा, हिरवागार, डोळ्यावरून काळी रेघ आणि शेपटीच्या मधोमध निघालेली दोन बारीक लांब पिसं. उघड्या फांदीवरून तो झेप घेतो, हवेतच माशी किंवा चतुर पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येतो. मधमाशी मिळाली तर फांदीवर आपटून, घासून तिची नांगी निकामी करतो आणि मगच गिळतो. म्हणजे फांदी एकदा कळली की तुम्हाला झेप, परतणं, आपटणं आणि गिळणं, सगळं एकाच जागेवरून मिळतं. कोतवाल, खंड्या आणि नीलपंखही असेच ठरलेल्या बैठकीवरून शिकार करतात.

आता त्या फांदीच्या कोणत्या बाजूला थांबायचं? ऊन आपल्या पाठीशी हवं, हे कोणीही सांगेल. वाऱ्याचं मात्र फारसं कोणी सांगत नाही. पक्षी उतरताना आणि उडताना तोंड वाऱ्याकडे करतात. समोरून येणारी हवा पंखांना उचलून धरते, त्यामुळे वेग कमी करून अलगद टेकता येतं. जोराच्या वाऱ्यात बसलेला पक्षीही वाऱ्याकडेच तोंड करतो, नाहीतर पिसं विस्कटतात. तेव्हा वारा तुमच्या पाठीवर येत असेल, तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून उतरणार. ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी असले तर डोळ्यात चमक असलेला, पंख पसरलेला, समोरून येणारा पक्षी मिळतो.

आपल्याकडे हा योग हिवाळ्यात सहज जुळतो. देशावर त्या दिवसांत सकाळचा वारा बरेचदा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून वाहतो आणि सूर्यही पूर्वेलाच असतो. कोकणात दुपारनंतर समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा सूर्यही पश्चिमेला कललेला असतो. खाडीकाठच्या पक्ष्यांना ती वेळ साधावी. घरातून निघण्याआधी अंगणातल्या झाडाची पानं कुठे झुकतात एवढं बघा.

जागा ठरली की खाली बसा. फांदी उंच असेल तर इलाज नाही, पण शेकाट्या, तुतारी, धोबी असे चिखलातले पक्षी उभ्याने टिपले तर फोटोत नुसता चिखल भरतो. कॅमेरा त्यांच्या डोळ्याच्या उंचीवर आणला की मागचं पाणी धूसर होतं आणि पक्षी उठून दिसतो. गुडघे मळू द्या.

कॅमेऱ्याची तयारी थोडक्यात. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० चालेल, उडणाऱ्या राघूला १/२००० तरी हवं. आयएसओ ऑटोवर, फोकस डोळ्यावर. पांढरा बगळा उन्हात फटफटीत होतो, त्याचं एक्स्पोजर थोडं कमी करा. उजळ आकाशासमोरच्या कोतवालाचं थोडं वाढवा. राघूच्या मानेच्या हालचालीकडे लक्ष ठेवा. किडा दिसला की तो एकटक एकीकडे बघतो आणि अंग खाली दाबतो. बर्स्ट तेव्हाच सुरू करा.

उजनीच्या पाण्यावर भिगवणला किंवा नांदूर मधमेश्वरला गेलात तरी नियम हाच. होडीवाल्या दादांना सांगा, ‘सूर्य पाठीमागे राहील अशी होडी लावा आणि लांबूनच थांबवा.’ त्यांना पक्ष्यांच्या सवयी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. उडतानाचा फोटो हवा म्हणून रोहितांचा थवा उठवायला मात्र कधीही सांगू नका. उथळ पाण्यात मान खाली घालून तो पोट भरत असतो. त्याचं खाणं आपल्या फोटोपेक्षा मोलाचं आहे.

शेवटी, कुठे उभं राहू नये तेही सांगायला हवं. फेब्रुवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत वेडे राघू मातीच्या दरडीत बिळं खोदून अंडी घालतात. चोचीत किडा धरलेला राघू फांदीवर बसून राहिला, किडा स्वतः गिळत नाही आणि कुठे जातही नाही, तर समजा, बीळ जवळच आहे आणि तुम्ही त्याच्या वाटेत उभे आहात. पिल्लं आत उपाशी थांबली आहेत. कितीही सुंदर चौकट दिसत असली तरी कॅमेरा खाली करा आणि तो बिळात शिरेपर्यंत मागे सरत राहा. बिळाचा, घरट्याचा पत्ताही कोणाला सांगू नका.

पुढच्या आठवड्यात : काढलेल्या शेकडो फोटोंतून ठेवायचे कोणते?