अनोळखी लाकूड कसे ओळखावे? साल, आडवा छेद आणि वास

पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात पावसाळ्यात बांधावरचे एखादे जुने झाड उन्मळून पडते. काही दिवसांत पाने झडतात, ओंडका उरतो, आणि व्यापारी "जंगली लाकूड आहे, सरपणाच्या भावात घेतो" म्हणतो. तो ओंडका शिसवीचा किंवा बिबळ्याचा निघाला तर नुकसान शेतकऱ्याचे. अडचण दुसऱ्या बाजूनेही आहे. झाडे तोडण्याबाबतच्या महाराष्ट्राच्या 1964 च्या कायद्यातील अनुसूचीत साग, खैर, ऐन, बिबळा (बीजा), हळदू (हेद), तिवस, मोह, आंबा, चिंच अशी झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्यामुळे झाड कोणते हे कुऱ्हाड लावण्याआधी कळलेले बरे.

सुरुवात सालीपासून करावी, पण ती जून खोडावरची पाहावी. कोवळ्या फांदीची साल बहुतेक वेळा दिशाभूल करते. ऐनाची जून साल काळपट असते आणि उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकोनी तुकड्यांत फाटलेली, मगरीच्या पाठीसारखी दिसते. त्याचाच भाऊबंद अर्जुन ओढ्याकाठी वाढतो; त्याची साल गुळगुळीत, फिकट असते आणि तिचे मोठे पापुद्रे सुटतात. अर्जुनाला अर्जुनसादडा म्हणतात आणि ऐनालाही काही ठिकाणी सादडाच म्हणतात. त्यामुळे नुसत्या नावावर व्यवहार करू नये, साल पाहावी. धावड्याची साल राखाडी-पांढरट व गुळगुळीत असते. खैराच्या सालीच्या लांब, अरुंद पट्ट्या निघतात आणि आतली बाजू लालसर दिसते. सागाची साल पातळ, करडी-तपकिरी, उथळ उभ्या भेगांची.

झाड उभे असेल तर सालीवर चाकूने बोटभर खाच पाडून थोडा वेळ थांबावे. बिबळ्यातून रक्तासारखा लाल चीक येतो. वड-उंबरातून पांढरा चीक येतो. मात्र अनोळखी झाडाचा चीक चाखू नये व अंगाला लागू देऊ नये. बिब्ब्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात.

साल गळून गेली असेल तर ओंडक्याचे टोक पाहावे. करवतीच्या खरबरीत छेदावर काहीच दिसत नाही. इथेच बहुतेक जण फसतात. धारदार चाकूने किंवा पटाशीने टोकाचा छोटा भाग गुळगुळीत तासावा, ओल्या फडक्याने पुसावा आणि उजेडात दहापट भिंगातून बघावा. सुईच्या टोकासारखी जी भोके दिसतात, त्यांतून झाड पाणी वर नेत असते. सागात वाढीच्या प्रत्येक वर्तुळाच्या सुरुवातीला मोठी भोके ओळीने असतात, पुढे ती बारीक होत जातात. आपल्याकडच्या फार थोड्या झाडांत ही मांडणी दिसते. बकाणात ती दिसते, म्हणून तेवढ्यावर सागाचा शिक्का मारू नये. साग हाताला किंचित तेलकट लागतो, ताज्या रंध्याच्या भुशाला जुन्या चामड्यासारखा वास येतो; बकाण हलके आणि कोरडे लागते. हेदाच्या पिवळ्या लाकडात भोके इतकी बारीक व सारखी विखुरलेली असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

रंगही आतल्या गाभ्याचा पाहावा. बाहेरचा पांढरट भाग बहुतेक झाडांत सारखाच असतो. खैराचा गाभा लाल-तपकिरी असतो आणि पांढऱ्या भागापासून स्पष्ट वेगळा दिसतो. शिसवीचा जांभळट-काळसर, गडद रेघांचा. पण रंग हवेने बदलतो, म्हणून जुन्या वाड्यातील तुळई-खांब विकत घेताना वरचा काळपटपणा तासून आतले लाकूड बघण्याचा आग्रह धरावा. जुने म्हणजे सागच, असे नसते.

बिबळ्यासाठी एक सोपी चाचणी आहे. गाभ्याची थोडी ढलपी काचेच्या ग्लासात पाण्यात भिजत घालावी. पाणी पिवळसर-तपकिरी होते आणि उन्हात तिरके धरले की त्यावर निळी झाक चमकते. पाण्यात बुडते की तरंगते यावरून मात्र ओल्या लाकडाची परीक्षा करू नये. नुकतेच तोडलेले हलके लाकूडही बुडू शकते. वजनाचा अंदाज वाळलेल्या तुकड्यावरच घ्यावा.

एवढे करूनही शंका राहिली तर साल, पांढरा भाग आणि गाभा तिन्ही असलेला वीतभर तुकडा जपून ठेवावा. गाठीजवळचा किंवा फांदीचा तुकडा उपयोगाचा नसतो. डेहराडूनची वन संशोधन संस्था आणि बंगळूरची काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था लाकडाचे नमुने तपासून जात ओळखतात. पाने, फुले किंवा फळे मिळाली तर काम अधिक सोपे होते. ती वर्तमानपत्रात दाबून वाळवावीत आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवावीत. लाकूड हलवण्यापूर्वी वनपरिक्षेत्र अधिकारी कार्यालयात वाहतूक पासाबद्दल विचारून घ्यावे, पडलेल्या झाडाच्या बाबतीतही.